मामाच्या अंबाडीचा एक्स-रे

यंदाही कारखान्याचा भोंगा वाजला आणि माझा रस्ता बंद झाला. सांगलीहून मिरजेकडे निघावं तर पुढं दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, ट्रॉल्यांवर पुरुषभर उंच ऊस, ट्रॅक्टरच्या टपावर कर्णा आणि कर्ण्यातून कुणाच्या तरी प्रेमभंगाचं रडगाणं. मागं रिक्षात मी. रिक्षावाला आरशातून माझं सांत्वन करतो, "बाई, आता पाडव्यापतोर ह्येच बघा." मी चिडते. चिडणं हा माझा जुना धंदा आहे, निवृत्त झाल्यापासून तर तो पूर्णवेळ झालाय. पण तेवढ्यात वाऱ्यावर मळीचा वास येतो. गोड, आंबूस, करपलेला, थोडा कुजकासुद्धा. माणसं नाकाला रुमाल लावतात. मी मात्र रिक्षातून डोकं बाहेर काढून तो छातीभर ओढून घेते आणि रिक्षावाला रस्ता सोडून माझ्याकडेच बघायला लागतो.

त्याला काय सांगणार? ह्या वासात माझा एक अख्खा हंगाम मुरलेला आहे. सत्तरच्या दशकातला. कॉलेजातल्या मुली तेव्हा केसांत अबोली माळायच्या. माझ्या केसांत तागाची, अंबाडीची, घायपाताची तुसं असायची. बोर्डिंगातल्या पोरी मला सुंभ म्हणायच्या, आणि तोंडावर म्हणायच्या. मी पदार्थविज्ञान शिकत होते आणि सेल्युलोजच्या मागं लागले होते.

सेल्युलोज म्हणजे काय ते मी पहिल्यांदा समजावून सांगितलं माझ्या मामाला, कराडजवळच्या मलकापुरात, चुलीपुढं बसून. माझे वडील सैन्यात. वर्षातनं एकदा रजेवर यायचे, ट्रंक भरून सुकामेवा आणायचे आणि परत जायचे. त्यामुळं आई आणि मी कायम मामाच्याच घरी. मामाचं थोडं शेत होतं आणि हंगामात तो साखर कारखान्यात, उसाचा रस आटवायच्या टाक्यांवर कामाला जायचा. त्या कामाचा त्याला भारी अभिमान. गावात कुणी चहात साखर कमी घातली तरी मामाला आपला अपमान झाल्यासारखं वाटायचं.

मी म्हणाले, "मामा, झाडाचं अंग ज्याचं बनलंय ते सेल्युलोज. कापूस, ताग, लाकूड, कागद, तुझं धोतर, समदं त्येच. आणि त्येचा एकेक मणी साखरेचा असतोय. साखरेचे मणी ववून लांब माळ केली की झालं सेल्युलोज."

मामाचा घास हातातच राहिला. "म्हंजी चिपाडात बी साखर हाय?"

"एका अर्थानं, व्हय."

"आन् आमी ती बॉयलरात जाळतूय?"

त्यानंतर कितीतरी दिवस मामा कारखान्यातनं येताना चिपाडाचा तुकडा चघळत यायचा. चव लागत नाही म्हटल्यावर त्याचा माझ्यावरचा नाही, चिपाडावरचा विश्वास उडाला. मी सांगितलेलं त्याला कधी खोटं वाटलंच नाही. एवढा विश्वास माझ्यावर पुढं विद्यापीठानंही दाखवला नाही.

तर आमच्या कॉलेजात एक यंत्र होतं. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेनं जुनं झालं म्हणून दिलेलं, क्ष-किरणांचं. त्याचं काम असं की धाग्यांची बारीक जुडी त्याच्यापुढं धरायची, किरण जुडीतून आरपार सोडायचे आणि पलीकडं फिल्म ठेवायची. सेल्युलोजच्या माळा आत कशा रचल्यात त्याप्रमाणं फिल्मवर ठिपके उमटतात. विटा त्याच, पण रचाई वेगळी असली की ठिपक्यांच्या जागा वेगळ्या. ह्यात क्ष-किरण असले तरी हाडांचा काही संबंध नाही. पण हे गावाला कोण सांगणार? यंत्र स्टेशनवरून आलं ते बैलगाडीवरून, भर बाजारातून, हळदीच्या पोत्यांमधनं वाट काढत. खोक्यावर मोठ्या अक्षरांत एक्स-रे लिहिलेलं. संध्याकाळपर्यंत सांगलीभर झालं की कॉलेजात फुकट फोटो काढतात.

हंगामात उसाच्या गाड्या उलटायच्या, माणसं माडीवरून घसरायची, बैल लाथा मारायचे. ती सगळी आमच्या प्रयोगशाळेच्या दारात. आमचे सर तर आधीच घाबरट. नमुन्याजवळ कुणी शिंकलं तरी त्यांच्या कपाळाला घाम यायचा. त्यांनी मला आयुष्यभर 'अहो बाई' अशीच हाक मारली, मी विशीत होते तेव्हापासून. गळ्यात हात बांधून कुणी आत आलं की ते कपाटामागं जायचे आणि तिथनं म्हणायचे, "अहो बाई, सांगा त्यांना."

मग मी सांगायची.

"आजोबा, हे मशीन हाडांचं नाही."

"मंग कशाचं?"

"दोरखंडाचं."

म्हातारा आपला मोडका हात विसरून विचारायचा, "दोरखंडाला काय झालंया?"

ह्या प्रश्नाचं उत्तर द्यायलाच मी तिथं बसले होते खरं तर. सरांचं काम होतं कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यातले नैसर्गिक धागे गोळा करायचे आणि रचनेप्रमाणं त्यांची वर्गवारी लावायची. पुस्तकं सांगायची की निसर्गातलं सेल्युलोज सगळं एकाच, पहिल्या प्रकारचं. दुसरा प्रकार कापडगिरण्यांमध्ये, माणसाच्या हातून तयार होतो. पण काही मंडळींना तेव्हा शंका होती की ह्या पहिल्या प्रकारातही दोन घराणी असावीत, एक शेवाळाचं आणि एक कापसाचं. फरक केसाएवढा. त्या केसाएवढ्या फरकापायी सरांचे केस गेले होते. पुढं बऱ्याच वर्षांनी जगानं ती दोन घराणी मान्य केली, तेव्हा सर पेन्शनीत होते आणि मला म्हणाले, "अहो बाई, आपण म्हणत होतो ना?" आपण तसं ठामपणे कधीच म्हणालो नव्हतो, पण मी हो म्हणाले.

ते केसाएवढं अंतर शोधताना मी काय काय केलं म्हणून सांगू! जतकडच्या एका धनगर बाईकडून बोंडातला कापूस आणला, तर तिनं त्यासोबत खर्डा-भाकरी बांधून दिली आणि मेंढरू बघायचं का विचारलं. शेवरीचा कापूस गोळा करायला झाडाखाली पदर पसरून उभी राहिले. आणि शेवाळ! कृष्णेच्या घाटावर, पायरीवर बसून मी चमच्यानं हिरवं शेवाळ खरवडत होते. अंघोळीला आलेली बायामाणसं गोळा झाली. एकीनं मायेनं विचारलं, "काय पडलं गं बाय पान्यात? डोरलं?" मी म्हटलं, काही पडलं नाही, शेवाळच न्यायचंय. त्यावर तिनं शेजारणीकडं बघितलं, आणि दोघींनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती मला अजून आठवते. बोर्डिंगात ही बातमी माझ्या आधी पोचली. पण त्या शेवाळाची फिल्म काय सुरेख आली होती! टोकदार, लखलखीत ठिपके. कापसाचे ठिपके त्यापुढं पेंगुळलेले वाटायचे.

जुडी करायलाही हात लागतो. धागे सगळे एका दिशेनं, ताठ, समांतर बसले पाहिजेत. विस्कटले की फिल्मवर नुसतं कडं उमटतं, गावाच्या वेशीवर पुसटसं धुकं असावं तसं. मी आईच्या फणीनं धागे विंचरायची, लेकीची वेणी घालावी तशी. दिवसभर किरण सोडून बसायचं. त्यातच वीज जायची. वीज गेली की सर खुर्चीवरून उठून उभे राहायचे आणि वीज येईपर्यंत उभेच असायचे. कुणाच्या तरी शोकसभेला आल्यासारखे.

आता मुद्द्याचं सांगते. आमच्या संस्थेचे एक अध्यक्ष होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. मूळचे कराडकडचे, मोठे ऊसवाले. मामा ज्या कारखान्यात होता त्याचेही ते संचालक. अण्णांच्या मनात भरलं की हे यंत्र कॉलेजात दोरखंड बघत बसण्यापेक्षा संस्थेच्या दवाखान्यात जावं. त्यातनं हाडं दिसत नाहीत असं सरांनी सांगितलं तर अण्णा म्हणाले, "मेकॅनिक लावू की." शेवटी एवढं ठरलं की हंगाम आटोपला, कारखान्याचं धुराडं थंड झालं, की अण्णा सभासद घेऊन येतील, यंत्राचा उपयोग बघतील आणि काय तो निकाल देतील.

यंत्र गेलं तर सरांचं काम संपलं. पण सरांचं सोडा, माझं सगळंच संपत होतं. कोरेगावच्या एका घरानं मला बघून ठेवलं होतं. माणसं चांगली होती, विहीर बारमाही होती, मुलगा शाळेत मास्तर होता, मला त्याच्यात नाव ठेवायला जागा नव्हती. फक्त मला जायचं नव्हतं. मला फिल्मवरचे ठिपके मोजत बसायचं होतं. हे घरात बोलून दाखवायची सोय नव्हती. मामानंच मध्ये पडून पाहुण्यांना हंगाम संपेपर्यंत थांबवलं आणि मला म्हणाला, "सुमे, ते मशीन हाय तवर तू सांगलीत. मशीन गेलं तर मग माझ्याजवळ बोलाया काय ऱ्हातंय? तूच सांग." बोलणं सरळ होतं. मी मान डोलावली आणि रात्री उशीत तोंड घालून रडले.

अशा वेळी मी मामाला निरोप धाडला की घरची अंबाडी थोडी पाठव. आमच्याकडं बांधावर अंबाडी लावायचे. भाजीला पानं, भाकरीला बिया आणि सालीचा वाख काढून दावी-कासरे वळायचे. मामा स्वतःच घेऊन आला. स्टँडवर उतरला तो काखेत गाठोडं धरून, बाळंतिणीचं मूल धरावं तसं. गाठोडं त्याच्या ठेवणीतल्या फेट्याचं. उघडून बघते तर आत पांढरीशुभ्र, रेशमासारखी चकाकणारी पेंडी.

"मामा, ही आपली अंबाडी?"

"मंग काय शेजाऱ्याची?" मामा मिशीत हसला. "सायबाला म्हनावं, मलकापूरचा माल हाय."

सरांनी ती पेंडी हातात घेतली आणि बराच वेळ बोटांतून फिरवली. "पाणी," ते म्हणाले. "सडवण्याच्या पाण्यावर असतं हे. कोयनेचं पाणी असणार." सर जन्मात कराडपर्यंतही गेले नव्हते, पण कोयनेच्या पाण्याबद्दल त्यांचं मत फार चांगलं होतं.

आणि मग ती फिल्म आली. अंधाऱ्या खोलीतून सर फिल्मचं टोक धरून बाहेर आले, पाणी ठिबकत होतं, त्यांच्या सदऱ्यावर ओघळत होतं, त्यांना भान नव्हतं. "अहो बाई, हे कुठलं?" मी म्हटलं, मलकापूरची अंबाडी. त्यांनी खिडकीला फिल्म लावली. पट्टीनं मोजलं. मला मोजायला लावलं. पट्टी बदलून पुन्हा मोजलं. ठिपके पहिल्या प्रकाराच्या जागी नव्हतेच. ते दुसऱ्या प्रकाराच्या जागी होते, गिरणीतल्या. शेतात, बांधावर, म्हशीच्या शेजारी उगवलेल्या झाडात माणसानं केलेला प्रकार!

सर खाली बसले. मग उठले, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातनं सगळ्यांना भडंग आणवलं. ज्या माणसानं प्रयोगशाळेत पाण्याचा घोटही कुणाला घेऊ दिला नाही, तो टेबलावर कागद पसरून भडंग खात होता आणि शेंगदाणे वेचून मला देत होता. संध्याकाळपर्यंत त्यांनी त्या प्रकाराला 'कऱ्हाड प्रकार' असं नावही ठेवलं. ते मधेच थांबून स्वतःशीच उच्चारून बघायचे, वेगवेगळ्या पट्टीत. "आता घेऊन जावं म्हणावं अण्णांनी यंत्र," ते म्हणाले. "जगभरातनं माणसं येतील बघायला." मला म्हणाले, तुम्ही उद्याच जा आणि त्याच बांधावरची आणखी अंबाडी आणा.

सांगली ते कराड एवढा सुखाचा एसटीचा प्रवास मी पुन्हा कधी केला नाही. खिडकीतून दोन्ही अंगाला तोड चाललेली, पाचट पेटवलेलं, आणि मी मनातल्या मनात कोरेगावच्या पाहुण्यांना नम्रपणे नकार देत होते.

घरी पोचले तर मामा नुकताच पाळीवरून आला होता.

"मामा, ती अंबाडी कुठल्या बांधाची?"

"हिरीवरच्या."

"सडवलीस कुठं?"

"वड्यात. समदी सडवत्यात तितंच."

"मग एवढी पांढरी कशी?"

मामा ह्या प्रश्नाची किती दिवस वाट बघत होता कोण जाणे. तो आधी नीट मांडी घालून बसला. "आक्का, च्या टाक," त्यानं माझ्या आईला सांगितलं. मग म्हणाला, "त्येचं असं हाय. नुसती सडिवल्याली अंबाडी दिसती कशी? म्हशीच्या शेपटीगत. ती सायबाफुडं ठिवायची? उंद्या सायेब म्हनंल, पोरगी हुशार, पर मानसं गबाळी. न्हवं आक्का?"

"व्हय तर," आई म्हणाली.

"मग मी काय केलं, कारखान्यात टाक्यांच्या नळ्या साफ कराया कॉस्टिक येतंय. लय जालीम. त्यातलं थोडं आनलं. कडक पानी केलं, गार हू दिलं आन् पेंडी त्यात बुडिवली. बुडिवली तर पोरी, ती लागली की आखडाया! वाटलं जातीय आता हातची. मग दोन खुट्ट्यांला टोकं बांधली, तानून ठिवली, आन् मग नळाखाली लय येळ धुतली. अशी चकाकली म्हनतीस!"

"लगनातल्या शालूगत," आई म्हणाली.

मी चहाचा कप खाली ठेवला. कडक, गार कॉस्टिकमध्ये धागा बुडवून ताणून धरायचा, ही गिरण्यांमध्ये सुताला चकाकी आणायची रीत. दुसरा प्रकार तयार करायची अगदी पुस्तकातली कृती! माझ्या मामानं ती मलकापुरात, गोठ्याशेजारी, माझी लाज राखण्यासाठी स्वतःच्या डोक्यानं शोधून काढली होती. कऱ्हाड प्रकार तिथंच, चुलीपुढं, वारला.

"मामा, हे कुणाला सांगितलंस?"

"खुळी का काय? कारखान्याचं कॉस्टिक हाय ते. कळलं तर घरी बसवत्याल."

त्याचं तोंड एवढं फुललं होतं की मला रडावं की हसावं कळेना. मी हसले. मग गोठ्याच्या आढ्याला लटकवलेली, धूळ खाल्लेली, न धुतलेली अंबाडी काढून घेतली. मामाला ते फार लागलं. "असली न्हेतीस? आगं, माझी लाज काढशील!" त्याला समजावता समजावता माझी एसटी चुकली.

सांगलीत येऊन सरांना सांगितलं, मामाचं नाव बाहेर पडू देणार नाही असं वचन आधी घेऊन. सरांनी सगळं ऐकून घेतलं. परवाच्या भडंगाची पुडी टेबलावर होती, ती मऊ पडली होती. त्यांनी त्यातलं थोडं खाल्लं.

"म्हणजे कोयनेचं पाणी नव्हे."

"नाही सर."

"कॉस्टिक."

"हो सर."

ते खुर्चीवरून उठून उभे राहिले, मला वाटलं वीज गेलीय. मग चष्मा पुसत म्हणाले, "पण अहो बाई, तुम्हाला कळलं नाही. मला कळलं नाही. यंत्राला कळलं." न धुतलेल्या अंबाडीची फिल्म आम्ही दुसऱ्या दिवशी काढली. ती शहाण्या मुलासारखी पहिल्या प्रकारात जाऊन बसली. दोन्ही फिल्म सरांनी शेजारी शेजारी लावल्या आणि म्हणाले, अण्णांना हेच दाखवायचं.

धुराडं थंड झालं. अण्णा आले. मागं सभासद, पांढऱ्या टोप्यांची रांगच रांग. आम्ही सगळ्या फिल्म खिडकीच्या काचांना लावल्या होत्या. कापूस, ताग, घायपात, केळीचं सोपट, चिपाड, शेवाळ. अण्णा एकेका काचेपाशी थांबले, वाकले, पुढं गेले. शेवटी म्हणाले, "मास्तर, ह्यात हाड कुठलं?"

सरांनी घाम पुसला आणि अंबाडीच्या दोन फिल्म दाखवल्या. आतली रचना कशी बदललीय ते सांगितलं. अण्णांनी दोन्ही पेंड्या हातात घेतल्या. "एक धुतल्याली, एक न धुतल्याली. ह्ये तर धोबी बी सांगंल."

"अण्णा, धुऊन हे होत नाही. ही पेंडी कडक कॉस्टिकमधून काढलेली आहे. यंत्र तसं सांगतंय."

"कशावरनं? यंत्राला जीभ हाय? तुमीच बुडिवली असंल, तुमीच सांगताय."

"आम्ही नाही बुडवली. बाहेरून आलीय."

"मग ज्यानं बुडिवली त्येला बोलवा. त्यो म्हनू दे, व्हय, मी कॉस्टिकात घातली. मग मानतो तुमच्या यंत्राला."

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी फरशीकडं बघितलं. नाव घेतलं तर मामाची नोकरी जाते, न घेतलं तर यंत्र जातं. अण्णांनी हात झटकले आणि सभासदांना म्हणाले, "चला. दवाखान्यात न्ह्याची यवस्था करा." टोप्या दाराकडं वळल्या.

आणि दारात मामा उभा होता. परीटघडीचा फेटा, नवं धोतर. आपली अंबाडी मांडलीय असं ऐकून, न सांगता, पहिल्या एसटीनं बघायला आला होता. किती वेळ उभा होता, काय काय ऐकलं होतं, देव जाणे. मी मान हलवून नको नको म्हटलं. त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही.

"आण्णा, मी बुडिवली," तो म्हणाला. "अंबाडी माझ्या बांधाची. कॉस्टिक कारखान्याचं. मशीन खरं बोलतंय."

अण्णा त्याच्या अगदी जवळ गेले.

"तू रसाच्या टाक्यांवरचा न्हवं रं?"

"व्हय."

"कवापास्नं न्हेतूयस?"

"येकदाच न्हेलं. पोरीसाठनं." आणि पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडं हात केला. "ही."

अण्णा यंत्राकडं गेले आणि त्याच्याभोवती एक चक्कर मारली, जरा अंतर राखूनच. "मास्तर," ते सावकाश म्हणाले, "कारखान्यात मी एवढं वॉचमन ठिवल्यात. काठ्या दिल्या, शिट्ट्या दिल्या. एकाला पत्ता लागला न्हाई. आन् तुमच्या ह्या डब्यानं दोराकडं बघून चोर सांगितला?"

"एका अर्थानं, हो," सर म्हणाले.

अण्णा हसायला लागले. पोट धरून, खोकला येईपर्यंत. सभासद हसले, कारण अण्णा हसले होते. "ह्येला दवाखान्यात न्हेऊ नका रं बाबांनो," अण्णा डोळे पुसत म्हणाले. "आज ह्येचं बिंग फोडलंय. उंद्या माझ्या पोटातलं काय काय सांगंल. ऱ्हाऊ द्या हितंच." यंत्र राहिलं. इतक्या शास्त्रशुद्ध कारणानं मी पुढं कुठल्याच यंत्राला मंजुरी मिळालेली बघितली नाही.

पण अण्णा दारातून परत फिरले आणि मामाला म्हणाले, "आन् तू. फुडल्या हंगामाला टाक्यांवर दिसू नगंस. गाडीतळावर ये." गाडीतळ म्हणजे उसाच्या गाड्या उभ्या राहायची उघडी जागा. तिथं धूळ, शेण, भांडणं आणि दिवसभर ऊन. रसाच्या टाक्यांपाशी मामाला मान होता. नुसत्या वासावरून तो पाक ओळखायचा. मामानं "बरं, आण्णा" एवढंच म्हटलं.

त्याला सोडायला मी स्टँडवर गेले. मामानंच विषय काढला.

"सुमे, कॉस्टिकात घातल्यावर ते आतनं बदलतं म्हंतीस. मग साध्या पान्यात लय दिस ठिवलं तर परत पयल्यागत हुईल का?"

"न्हाई, मामा."

"वड्याच्या पान्यात?"

"कशात बी न्हाई. कायबी केलं तरी माघारी येत न्हाई ते."

"म्हंजी मी वाटुळं केलं म्हन की."

"वाटुळं कसलं? घट्ट हुतंय, रंग झ्याक धरतंय, चकाकतंय. फकस्त पयल्यागत न्हाई ऱ्हात."

एसटी लागली. मामा पायरीवर चढला आणि वळून माझ्याकडं बघत राहिला. माझा चष्मा, मनगटावरचं घड्याळ, छातीशी धरलेल्या फिल्म, सगळं एकदा बघून घेतलं.

"मग कोरेगावच्या पावण्यास्नी सांगून टाकतो," तो म्हणाला. "वाट बघू नगा म्हनून."